रोमन स्नानगृहाच्या फरशीखालीं

प्राचीन रोमन नागरिकाचें स्नान हा घराच्या कोपऱ्यांत घाईनें उरकावयाचा विधि नव्हता. दुपारपर्यंत कामकाज आटोपावें आणि सायंकाळच्या भोजनापर्यंतचा वेळ सार्वजनिक स्नानगृहांत घालवावा, असा त्याचा क्रम असे. मित्रांची गांठ तेथें, व्यायाम तेथें, व्यवहाराचीं बोलणीं तेथें. भोजनाचें आमंत्रणहि पुष्कळदां तेथेंच पदरांत पडे. म्हणून रोमन समाज जवळून पाहावयाचा असेल, तर सिनेटगृहाच्या आधीं स्नानगृहांत शिरावें, हें बरें.

ख्रिस्तपूर्व ३३ या वर्षीं आग्रिप्पा हा रोमचा नगराधिकारी होता. त्या वर्षीं त्यानें १७० स्नानगृहें लोकांस मोफत खुलीं केलीं, असें थोरला प्लिनी सांगतो. पुढें ख्रिस्तपूर्व १९ मध्यें त्यानें ‘आक्वा व्हिर्गो’ हा कालवा शहरांत आणला, आणि ख्रिस्तपूर्व १२ मध्यें मरतांना आपलें स्वतःचें भव्य स्नानगृह जनतेच्या नांवें करून दिलें. सम्राटांनीं हाच कित्ता गिरविला. इ. स. २१६ मध्यें खुल्या झालेल्या काराकाल्लाच्या स्नानगृहाचे उंच भग्नावशेष आजहि प्रवाशाला थक्क करितात. चौथ्या शतकांतील याद्या पाहिल्या, तर रोममध्यें लहान स्नानगृहेंच आठशेंहून अधिक होतीं.

आंत गेल्यावर प्रथम वस्त्रें उतरावयाची, अंगास तेल चोळावयाचें आणि थोडा व्यायाम करावयाचा. नंतर कोमट दालन, मग उष्ण दालन आणि अखेरीस थंड पाण्याचा हौद. साबणाची चाल नव्हती. तेल, घाम आणि धूळ यांचा लेप ‘स्ट्रिजिल’ नांवाच्या धातूच्या वांकड्या पट्टीनें खरवडून काढीत. या सर्व सुखाचें मोल बहुधा एक क्वाड्रान्स, म्हणजे अगदीं हलकें तांब्याचें नाणें, एवढेंच असे. सर्वत्र दर मात्र सारखा नव्हता. आजच्या पोर्तुगालांतील व्हिपास्का या खाणींच्या वसाहतीचे नियम एका कांस्यपटावर कोरलेले सांपडले आहेत. त्यांत पुरुषांस अर्धा आस व स्त्रियांस एक आस असा आकार आहे. दिवसाच्या सातव्या तासापर्यंतची वेळ स्त्रियांची, आणि आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंतची पुरुषांची. दाम दुप्पट देणाऱ्या स्त्रियांच्या वांट्यास सायंकाळ आलीच नाहीं!

श्रोतेहो, वस्त्रें उतरलीं म्हणजे लहानमोठेपणाहि उतरतो, असें आपणांस वाटेल. सम्राट हेड्रियन याची एक आख्यायिका त्याच्या प्राचीन चरित्रांत आली आहे. स्नानगृहांत एक जुना सैनिक भिंतीला पाठ घांसतांना त्यास दिसला. कारण विचारतां, पाठ चोळावयास आपणांपाशीं गुलाम नाहीं, असें तो म्हणाला. हेड्रियननें त्यास गुलाम दिले आणि त्यांच्या पोषणाचा खर्चहि दिला. पुढें एकदां पाहतो, तों बरेच म्हातारे भिंतीला पाठ घांशीत उभे! तेव्हां सम्राटानें त्यांना एकमेकांच्या पाठी चोळावयास लाविलें. गोष्ट विनोदाची खरी. पण हौदाच्या कांठींहि गरीब-श्रीमंत ओळखूं येत होते, हें ती सांगून जाते.

परंतु खरा भेद फरशीच्या वर नव्हता, खालीं होता. उष्ण दालनाची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. बाहेरील भट्टीची ऊष्ण हवा त्या पोकळींत खेळे आणि भिंतींतील मातीच्या नळांतून वर जाई. ही भट्टी पेटती ठेवण्याचें काम बहुधा गुलामांचें. त्या कामाची प्रतिष्ठा केवढी होती, हें सम्राट ट्रेजन यानें धाकट्या प्लिनीस लिहिलेल्या एका पत्रावरून कळतें. म्हाताऱ्या झालेल्या जुन्या दंडित कैद्यांस शिक्षेच्या जवळपासचें काम द्यावें, असें तो लिहितो; आणि अशीं कामें म्हणून स्नानगृहाची चाकरी, गटारें उपसणें व रस्ते दुरुस्त करणें हीं सांगतो. एकाचा विसांवा ही दुसऱ्याची शिक्षा होती.

इ. स. ५३७ मध्यें गॉथ राजा विटिगिस यानें रोमला वेढा घातला आणि शहराचे कालवे तोडले. तीं प्रचंड स्नानगृहें कोरडीं पडलीं. भिंती शाबूत होत्या, संगमरवर जागच्या जागीं होता. पण दूरच्या डोंगरांतून येणारें पाणी थांबलें, तशी शतकांची चाल मोडली.

एका क्वाड्रान्सला मिळणारें सुख खरोखर एका क्वाड्रान्सचें नव्हतें. त्याची बाकी किंमत श्रीमंतांच्या देणग्यांनीं, कालवे बांधणाऱ्यांच्या कौशल्यानें आणि सर्वांत अधिक भट्टीपाशीं राबणाऱ्या निनांवी हातांनीं भरली होती. रोमन लोकांनीं देणगीदारांचीं नांवें दगडांवर कोरून ठेविलीं. त्या हातांचीं नांवें कोणी कोरलीं नाहींत. त्यांची आठवण फरशीखालच्या काजळीनेंच काय ती राखिली आहे.