मुक्त मोबाईल, मुक्त नकाशा : जबलपूर आणि नर्मदाकाठचा वाटाड्या

नागपूरहून जबलपूरला जाणारा रस्ता शहरात शिरण्यापूर्वी तिलवारा घाटाजवळ नर्मदा ओलांडतो. मोबाईलवरील कोणतेही मार्गदर्शक सॉफ्टवेअर प्रवाशाला याच पुलावरून नेते आणि बहुतेकांसाठी ते योग्यही असते. नर्मदा परिक्रमा करणाऱ्या पदयात्रीला मात्र हा सल्ला उपयोगाचा नाही. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र मध्येच ओलांडायचे नाही, हा परिक्रमेचा मूळ नियम. दरवर्षी या वाटेने जाणाऱ्यांत महाराष्ट्रातील भाविकांची संख्या मोठी असते. सर्वांत कमी वेळाचा रस्ता शोधणाऱ्या यंत्राला हा नियम ठाऊक नसतो. तो यंत्राला शिकवता येईल काय, हे ते सॉफ्टवेअर आणि त्यामागचा नकाशा बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर अवलंबून असते. मुक्तस्रोत मोबाईलवरील उपग्रहीय मार्गदर्शनाचे महत्त्व याच ठिकाणी सुरू होते.

स्थान कसे कळते?

जीपीएस या नावाने ओळखली जाणारी अमेरिकी यंत्रणा सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर आधारलेली आहे. किमान २४ उपग्रह कार्यरत असावेत, अशी तिची रचना आहे. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि कक्षेची माहिती सतत प्रक्षेपित करतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून मोबाईल उपग्रहापासूनचे अंतर काढतो. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातील चूक या चारही गोष्टी त्याला ठरवता येतात. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३०० मीटरचा फरक. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या संदेशात हेतुपुरस्सर अशुद्धता ठेवली होती. ती काढून टाकल्यानंतरच ही यंत्रणा शहरातील रस्त्यावर उपयोगी पडू लागली.

या सेवेसाठी इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उपग्रहाचा संदेश कोणत्याही शुल्काविना मिळतो. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घेण्यासाठी आणि उपग्रहांची ताजी स्थिती लवकर मिळवण्यासाठी. नकाशा आधीच मोबाईलमध्ये साठवलेला असेल, तर मंडला-दिंडोरीच्या जंगलात संपर्क तुटल्यावरही आपण कोठे आहोत हे कळू शकते. संपर्काविना सुरुवात केल्यास पहिले स्थान मिळण्यास मात्र वेळ लागतो, कारण कक्षेची माहिती उपग्रहाकडूनच अतिशय मंद गतीने घ्यावी लागते. जबलपूरच्या हनुमानतालसारख्या जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांत भिंतींवरून परावर्तित होणारे संदेश अडचण वाढवतात. स्थानाचा ठिपका कधी शेजारच्या गल्लीत दिसतो.

ओपनमोको : एक महत्त्वाकांक्षी प्रयोग

संपूर्ण मोबाईलच मुक्त असावा, या विचारातून तैवानमध्ये ओपनमोको हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्सवर चालणारा त्याचा पहिला संच निओ १९७३ हा जुलै २००७ मध्ये विक्रीस आला. पहिला हातात धरण्याजोगा मोबाईल १९७३ मध्ये वापरला गेला, त्याची आठवण म्हणून हे नाव. या संचात जीपीएस होते. परंतु त्याची चिप चालवणारा प्रोग्रॅम खुला नव्हता. मुक्त म्हणवणाऱ्या उपकरणाच्या पोटात एक कुलूपबंद खोली राहिली होती.

जून-जुलै २००८ मध्ये आलेल्या निओ फ्रीरनर या संचात ही उणीव दूर करण्यात आली. त्यातील यू-ब्लॉक्स कंपनीची चिप आपले स्थान प्रमाणित मजकुराच्या रूपात थेट देत असे; ते वाचणारा प्रोग्रॅम कोणालाही लिहिता येई. ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ मेगाबाइट स्मृती आणि २.८ इंचांचा स्पर्शपडदा ही आज अत्यल्प वाटणारी सामग्री होती. कंपनीने संचाच्या बाह्य आवरणाचे आराखडे आणि विद्युत मंडलाचे नकाशेही प्रसिद्ध केले.

संच लोकांच्या हाती पडताच तक्रार आली की, उपग्रहांची पकड मिळण्यास फार वेळ लागतो, कधी मिळतच नाही. शोध घेता दोष अनपेक्षित ठिकाणी सापडला. मायक्रो एसडी कार्डाच्या घड्याळी स्पंदनांतून निर्माण होणारा गोंगाट जीपीएसच्या क्षीण संदेशाला झाकून टाकत होता. ज्या कार्डावर नकाशा साठवायचा, तेच स्थान कळू देत नव्हते. यावर दोन उपाय निघाले. कार्डाचा वापर नसताना त्याचे घड्याळ थांबवणारी व स्पंदनांचा जोर कमी करणारी सुधारणा सॉफ्टवेअरमध्ये झाली, आणि ज्यांना डाग देता येत होता त्यांच्यासाठी १० पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर त्या तारेवर बसवण्याची कृती जाहीर झाली. बंदिस्त उपकरणातील असा दोष ग्राहकाला बहुधा कळतही नाही. येथे तो उघड चर्चेत शोधला गेला आणि काही आठवड्यांत सुधारलाही.

फ्रीरनरवर दोन सॉफ्टवेअर विशेष लोकप्रिय झाली. टँगोजीपीएस हे नकाशाची चौकोनी चित्रे आधी उतरवून ठेवी आणि चाललेल्या वाटेची नोंद करी. नॅविट हे रस्त्यांची माहिती आकड्यांच्या स्वरूपात बाळगून वळणावळणाला सूचना देई. मोबाईल म्हणून मात्र संच कच्चा राहिला. २००९ मध्ये कंपनीने पुढील मोबाईलचा विकास थांबवला. टँगोजीपीएसचा वारसा फॉक्सट्रॉटजीपीएसने चालवला.

त्याच सुमारास, २००८ च्या उत्तरार्धात, अँड्रॉइडवरील पहिला मोबाईल बाजारात आला आणि मुक्त सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांच्या खिशात पोहोचले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत आहे. त्याबरोबर येणारी गूगलची नकाशासेवा तशी नाही. मुक्त नकाशावर चालणारे ऑस्मअँड २०१० मध्ये आले, तर ऑरगॅनिक मॅप्स २०२१ मध्ये. दोन्हींत एखाद्या राज्याचा नकाशा एकदा उतरवून घेतला की पुढे संपर्काची गरज राहत नाही, आणि वापरणारा कोठे जातो याची नोंद कोणत्याही दूरच्या संगणकावर ठेवावी लागत नाही.

नकाशा कोणाचा?

उपकरण मुक्त असले तरी नकाशा नसेल, तर पडद्यावर दिसतो तो रिकाम्या जागेतील एक ठिपका. फ्रीरनर आला तेव्हा भारतातील बहुतेक शहरांच्या बाबतीत स्थिती काहीशी अशीच होती. ही पोकळी भरली ती ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमाने. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये तो सुरू केला. कोणीही नोंद करावी, कोणीही दुरुस्त करावी आणि श्रेय देऊन कोणीही वापरावी, ही त्याची पद्धत. स्वयंसेवक जीपीएस घेऊन रस्त्याने चालत, घरी येऊन ती रेषा संगणकावर चढवत आणि तिला नाव देत. २०१० च्या अखेरीस बिंगची उपग्रहचित्रे आखणीसाठी उपलब्ध झाली आणि कामाचा वेग वाढला.

भारतात नकाशांची परंपरा अर्थातच याहून फार जुनी आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ चा. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत मध्य भारतात पोहोचली. नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेले, आणि आजच्या मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे भारतीय मोजणीचे मूळ बिंदुस्थान ठरले. मध्य प्रदेशासाठीचे सर्वेक्षण विभागाचे कार्यालय जबलपुरातच आहे.

जुने सरकारी नकाशे एव्हरेस्ट यांनी ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले होते, जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापनावर चालते. दोहोंतील अक्षांश-रेखांश रूपांतर न करता एकमेकांवर ठेवले, तर मध्य भारतात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. जुन्या कागदावरील घाट त्यामुळे नदीच्या पात्रात सरकू शकतो.

जबलपुरातील अडचणी

मुक्त नकाशाची खरी कसोटी नावांत लागते. जबलपुरात गोरखपूर नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. शहराचे नाव न देता तिचा शोध घेतला, तर अनेक सॉफ्टवेअर प्रवाशाला उत्तर प्रदेशातील त्याच नावाच्या शहराचा रस्ता दाखवू लागतात. वस्तीची नोंद नकाशात योग्य प्रकारे आणि योग्य शहराच्या हद्दीत असेल, तरच हा घोटाळा टळतो. अशी नोंद लंडन वा बंगळूरच्या कचेरीत बसून सुचत नाही. ती तेथील रहिवाशालाच सुचते.

शहराच्या नावाचेही तसेच. हिंदीत ते जबलपुर असे ऱ्हस्व लिहिले जाते, मराठीत जबलपूर. इंग्रजांच्या काळातील कागदांत त्याचे आणखी निराळे रूप आढळते. माणसाला हा फरक किरकोळ वाटतो. पण यंत्रासाठी ही वेगळी अक्षरे आहेत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच स्थळाची हिंदी, मराठी, इंग्रजी आणि जुनी नावे स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय आहे. मराठी नाव भरलेले असेल, तर मराठीत टंकलेला शोध यशस्वी होतो; नसेल, तर यंत्राच्या अंदाजावर विसंबावे लागते. महाराष्ट्राबाहेरील स्थळांची मराठी नावे भरणे हे काम मराठी जाणणाऱ्यांखेरीज दुसरे कोण करणार?

रस्त्यांचे क्रमांक ही आणखी एक गुंतागुंत. वाराणसीहून जबलपूर, नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७ अनेक पिढ्यांच्या तोंडी बसलेला होता. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरवण्यात आले. आता जबलपूर ते लखनादौन हा टप्पा महामार्ग ३४ मध्ये, लखनादौन ते नागपूर ४४ मध्ये आणि जबलपूर ते रीवा ३० मध्ये मोडतो. धाब्यावर वाट विचारणारा चालक मात्र अजूनही सात नंबरची चौकशी करू शकतो. म्हणून चांगल्या नकाशात नव्या क्रमांकाबरोबर जुनाही राखलेला असावा.

नर्मदेवरील बर्गी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतील शंभराहून अधिक गावे बाधित झाली. त्यापूर्वीच्या नकाशावरील कित्येक वाटा आज पाण्याच्या काठाशी येऊन संपतात. जलाशयाची कडाही ऋतूनुसार मागेपुढे होते. जुन्या पोथ्यांत वा प्रवासवर्णनांत वाचलेल्या मार्गाने निघालेल्या परिक्रमावासीयाला येथे मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि रात्रीच्या मुक्कामाचे गाव चुकले तर पुढचे गाव किती दूर आहे, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

अशा वेळी मुक्त साधनांचा उपयोग दिसतो. आधी चालून गेलेल्याने आपल्या वाटेची नोंद जीपीएक्स या खुल्या स्वरूपातील फाइलमध्ये ठेवली असेल, तर ती कोणत्याही मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडून नकाशावर ठेवता येते. ब्राउटर या मुक्त मार्गशोधकात निषिद्ध क्षेत्रे आखून देण्याची आणि मार्गाचे निकष स्वतः लिहिण्याची सोय आहे. नदीवरील पूल निषिद्ध ठरवले की यंत्र तीरावरचाच मार्ग शोधते. उपनद्या ओलांडण्यास हरकत नसल्याने त्यांवरील पूल खुले ठेवता येतात. यासाठी थोडा अभ्यास करावा लागतो, आणि सर्वच भाविक तो करतील असे नव्हे. एकाने केलेली मांडणी मात्र इतरांना विनामूल्य वापरता येते. स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइडवरील सॉफ्टवेअर तर वापरणाऱ्याला साधे प्रश्न विचारते, रस्ता डांबरी की कच्चा, या दुकानाचे नाव काय, आणि उत्तर थेट नकाशात नोंदवते.

कायद्याची चौकट

जबलपूर हे लष्करी छावणीचे आणि आयुध निर्मितीचे शहर आहे. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून येथे आहे. खमरिया येथील दारूगोळा निर्मिती आणि लष्करी वाहनांचा कारखाना नंतरचे. अशा शहरात हाती जीपीएस घेऊन नकाशा करणाऱ्याला कायदा माहीत असणे आवश्यक ठरते.

राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ ने सरकारी नकाशांच्या दोन मालिका केल्या : संरक्षण दलांसाठी एक आणि जनतेसाठी दुसरी, खुली. २०१३ मध्ये गूगलने भारतात घेतलेल्या नकाशा स्पर्धेबाबत सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत गेले. मे २०१६ मध्ये आलेल्या विधेयकाच्या मसुद्यात परवानगीविना भौगोलिक माहिती गोळा करणाऱ्यास १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कारावास सुचवलेला होता. त्यावर मोठी टीका झाली आणि मसुदा पुढे गेला नाही. तो संमत झाला असता, तर गल्लीतील दवाखाना नकाशावर टाकणारा विद्यार्थीही अडचणीत आला असता.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिशा पालटली. भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. परदेशी कंपन्यांसाठी आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर ही अचूकतेची मर्यादा ठेवण्यात आली. त्याहून सूक्ष्म माहिती त्यांनी भारतीय संस्थेकडून परवान्याने घ्यावयाची. संवेदनशील क्षेत्रांऐवजी संवेदनशील तपशिलांची निषिद्ध यादी हे सूत्र स्वीकारले गेले. म्हणजे स्थळ नकाशावर असू शकते, त्याविषयीच्या काही गोष्टी नोंदवता येत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही अधिसूचित झाले.

एक बंधन मात्र कायम आहे. देशाच्या सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत दाखवणे हा भारतात शिक्षापात्र अपराध आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या मूळ माहितीत वादग्रस्त भागांतील रेषा प्रत्यक्ष ताब्यानुसार आखलेल्या असतात. तीवर आधारित नकाशा भारतात प्रसिद्ध करणाऱ्याने त्यात अधिकृत सीमा बसवून घेणे आवश्यक आहे.