पायांचा हिशेब



आपलं बिडकीन म्हणजे पैठणच्या वाटेवरचं गाव. नाथषष्ठी जवळ आली, की फाल्गुनाच्या उन्हात दिंड्या इथूनच जातात. आपण पाणी देतो, पिठलं-भाकरी देतो, पाया पडतो. पण त्या पायांकडे कधी नीट पाहिलंत का?

नाथबाबा लहानपणी, परंपरा सांगते 12व्या वर्षी, घरी न सांगता पैठणहून देवगिरीला निघाले. गुरू जनार्दनस्वामी तिथले किल्लेदार. आजच्या सडकेनं ही वाट 60-एक किलोमीटरची. त्या काळी चालायला वेगळं शिकावं लागत नव्हतं हो! शेत, पाणवठा, बाजार, सगळं पायीच.

तरीही वारीनं शरीराला गृहीत धरलं नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली देहूहून पालखी सुरू केली. पुढं हैबतबाबांनी आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, विसावा, मुक्काम, सगळं ठरलेलं. आजही माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, आणि मगच दिवे घाट चढून सासवड गाठते. ती एका दिवसाची चाल 30 किलोमीटरच्या आसपास! विसावा म्हणजे आळस नव्हे, माउली. तो वारीचाच भाग आहे.

आता आपलं बघा. बिडकीनच्या शिवारात औद्योगिक पट्टा आला. ज्याचा बाप बैलामागं दिवसभर चालायचा, तो पोरगा गाडीला किक मारून कंपनीत जातो. वाट तीच आहे, पाय तेच राहिले नाहीत. म्हणून तयारी लागते. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्यात पैठणहून निघते. नाथषष्ठीपासून मोजा, तीन महिने हाताशी आहेत. षष्ठीला इथून पैठण, 25-30 किलोमीटर, ही पहिली परीक्षा समजा. मग रोज पहाटे चाला, हळूहळू अंतर वाढवा. नवी चप्पल वारीत काढू नका, आधी महिनाभर वापरा. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. फोड आला तर कातडी ओढू नका, स्वच्छ ठेवा, झाका.

आमच्या दिंडीत एक बाबा होते. साखरेचा आजार. तळव्याला फोड आला, पण दुखेना, म्हणून ते कुणाला बोलले नाहीत. "पांडुरंग बघून घेईल," म्हणत चालत राहिले. पंढरी गाठली, पण पुढं अंगठा काढावा लागला. माउली, त्या आजारात पायाची जाणीव कमी होते. न दुखणारी जखमच घात करते.

देवगिरीवर नाथबाबा स्वामींचा जमाखर्च पाहत. एका पैची चूक सापडेना, तर रात्रभर दिव्यापाशी बसले, असं सांगतात. एक पै! किती क्षुल्लक! पण सोडली नाही. मग आपण मुक्कामावर बॅटरी घेऊन दोन तळवे पाहू नयेत का? स्वतःचे पाहा, शेजारच्या म्हाताऱ्याचेही पाहा. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. पडता पडता तळवाही बघा. तीही सेवाच.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!