घराचा आराखडा संगणकावर : वापरणाऱ्यांना हवे तरी काय?

घराचा नकाशा पूर्वी गवंड्याच्या डोक्यात असे. मालकाने सांगायचे, 'पाच खणांचे घर हवे', आणि गवंड्याने चुन्याची फक्की टाकून जमिनीवर रेषा मारायच्या. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, हेच घराचे माप. आता खणांची जागा चौरस फुटांनी घेतली आहे आणि फक्कीच्या आधी संगणकाच्या पडद्यावर रेषा उमटू लागल्या आहेत. ही सोय केवळ मुंबई-पुण्याच्या वास्तुविशारदांपुरती राहिलेली नाही. नाशिकपासून सुमारे 80 किलोमीटरवर, गिरणेच्या खोऱ्यातील कळवणसारख्या तालुक्याच्या गावीही घर बांधणारा तरुण आधी स्वतःच आराखडा रेखाटून पाहतो. मात्र तसे करू लागताच त्याच्या लक्षात येते, की पडद्यावरचे घर आपल्या ओळखीचे नाही.

उपलब्ध साधने

व्यावसायिकांमध्ये सर्वाधिक रुळलेले ऑटोकॅड 1982 साली बाजारात आले. ते अचूक, पण महाग आणि शिकण्यास वेळ घेणारे. सर्वसामान्यांना त्रिमितीय चित्र सहज काढता यावे, या हेतूने 2000 साली स्केचअप आले. 2006 मध्ये ते गुगलने घेतले आणि 2012 मध्ये ट्रिम्बल या कंपनीकडे गेले. 2006 मध्येच 'स्वीट होम थ्रीडी' हे मुक्त व मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध झाले. डावीकडे सामानाची यादी, वर सपाट नकाशा आणि खाली त्याच घराचे त्रिमितीय दृश्य, अशी त्याची मांडणी असून घरगुती वापरासाठी ते आजही सोयीचे ठरते. या सर्व साधनांना जगभरातील वापरकर्ते सतत सूचना करीत असतात : जिना सुलभ हवा, छप्पर आपोआप चढावे, सामानाची यादी वाढावी. आपल्याकडील गरजा काही अंशी याच, तर काही पूर्णतः वेगळ्या आहेत.

मापे : फूट, गुंठा आणि ब्रास

पहिली अडचण मापांची. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात ते गुंठ्यात, परवानगीचा नकाशा मीटरमध्ये, गवंडी फूट-इंचात आणि वाळू-खडी ब्रासमध्ये. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, तर घनमापाचा एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. फूट आणि मीटर यांची निवड बहुतेक सॉफ्टवेअर देतात. गुंठा आणि ब्रास यांची गणिते मात्र आपल्यालाच वहीवर मांडावी लागतात. 10 फूट लांब, 10 फूट उंच व 9 इंच जाडीच्या भिंतीचे बांधकाम 75 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास होते. सॉफ्टवेअरला भिंतीची लांबी, उंची व जाडी ठाऊक असतेच. मग विटा, सिमेंट व वाळू यांचा अंदाज त्याने का देऊ नये, असा साधा प्रश्न घर बांधणारा विचारतो. महागड्या प्रणालींत ही सोय असते. ती हवी असते लहान घर बांधणाऱ्यालाच.

भिंतीची जाडी हाही फसवा विषय आहे. बाहेरून 10 फूट बाय 10 फूट मापाच्या खोलीला चारही बाजूंनी 9 इंची भिंत घेतली, तर आत साडेआठ फूट बाय साडेआठ फूट, म्हणजे सुमारे 72 चौरस फूट जागा उरते. शंभरातील 28 चौरस फूट भिंतींनी खाल्ले! आतले माप आणि बाहेरचे माप शेजारी-शेजारी, ठळक दिसावे ही मागणी म्हणूनच क्षुल्लक नाही. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट ठरविण्यात आले आहे. कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात अशी घरकुले अनेक कुटुंबांचे पहिले पक्के घर असतात. एवढ्याशा जागेत स्वयंपाक, झोपणे, धान्याची कोठी आणि मुलांचा अभ्यास बसवायचा, तर अर्ध्या फुटाचाही हिशेब लागतो.

ओळखीचे सामान

सामानाच्या यादीत सोफे, शेकोट्या, मोठाले पलंग आणि बाथटब यांची रेलचेल असते. देवघर, कडाप्प्याचा ओटा, भांडी घासायची मोरी, तुळशीवृंदावन, गच्चीवरील पाण्याची टाकी, दारापुढचा ओटा हे मात्र सापडत नाहीत. कांद्याच्या या पट्ट्यात शेतकऱ्याच्या आराखड्यात कांदा चाळीलाही स्थान द्यावे लागते. हवा खेळती राहावी म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि माल भरण्यासाठी ट्रॅक्टर वळण्याइतकी मोकळी जागा लागते. गोठा घराच्या कोणत्या अंगाला, वाऱ्याची दिशा कोणती, हेही आधीच पाहावे लागते. स्केचअपच्या सामायिक संग्रहात कोणालाही स्वतः तयार केलेली प्रतिकृती ठेवता येते, स्वीट होम थ्रीडीमध्येही बाहेरच्या प्रतिकृती आणता येतात. आपल्याकडील वास्तुशास्त्र महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मराठी घरातील पन्नास वस्तूंचा मापासह संग्रह केला, तर अनेकांची सोय होईल.

ऊन, पाऊस आणि वारा

सूर्यप्रकाशाची सोय अनेक साधनांत आहे, पण ती फारशी कोणी वापरत नाही. त्यासाठी घराचे अक्षांश-रेखांश भरावे लागतात. तसे न केल्यास पडद्यावर पडणारी सावली भलत्याच देशाची असू शकते. कळवण सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे 46 अंशांवरच येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर हिवाळ्यातील माध्यान्ही त्याची सावली जेमतेम दोन फूट खाली उतरते व उरलेल्या खिडकीतून ऊब घरात येते. मार्च संपता संपता तोच छज्जा चार फुटांची खिडकी पूर्ण झाकतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्जाला दाद देत नाही. तेथे झाड, जाळी किंवा पडवीच हवी. हे सारे सॉफ्टवेअरने ऋतूनुसार, एका कळीसरशी दाखवावे, ही रास्त अपेक्षा आहे.

पावसाचेही तसेच. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस अधिक, पूर्वेकडे कमी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. म्हणजे 600 चौरस फुटांच्या छपरावर 10 मिलिमीटरच्या सरीत सुमारे साडेपाचशे लिटर. छपराचा उतार, पन्हळ आणि टाकीची जागा आराखड्यातच दिसली, तर घर उभे राहिल्यावर पाइप फिरवण्याची वेळ येत नाही. सोप्या साधनांचा भर सपाट स्लॅबवर असल्याने उतरते कौलारू छप्पर काढताना अजूनही कष्ट पडतात.

टप्प्याटप्प्याने वाढणारे घर

आपल्याकडे घर एकदम पूर्ण होत नाही. आधी दोन खोल्या, कांद्याला भाव मिळाला की पुढची पडवी, मुलाच्या लग्नाच्या सुमारास वरचा मजला. गच्चीवर उघड्या राहिलेल्या सळया हीच गोष्ट सांगतात. 'आज, पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी' असे टप्पे एकाच आराखड्यात ठेवता आले आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा निघाला, तर जिना कोठे ठेवायचा, हा निर्णय पहिल्याच दिवशी योग्य होईल. जिना चुकला, की पुढे बांधलेली खोली पाडावी लागते.

मराठी आणि नियम

ऑटोकॅड किंवा स्केचअप यांच्या आज्ञा मराठीत उपलब्ध नाहीत. नकाशा घेऊन प्रत्यक्ष काम करणारा गवंडी आणि त्या घरात आयुष्य काढणारी गृहिणी यांना तो वाचता आला पाहिजे. खोल्यांची नावे देवनागरीत नीट उमटावीत, प्रमाणबद्ध नकाशा साध्या कागदावर छापता यावा आणि आखणीसाठी भिंतींच्या मध्यरेषांची मापे वेगळी मिळावीत, एवढे झाले तरी पुष्कळ. वीज गेली, नेटवर्क नसले तरी काम न अडणे हेही गावाकडे तितकेच महत्त्वाचे.

नियमांच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव उत्साहवर्धक आहे. पुण्यातील सॉफ्टटेक या कंपनीच्या ऑटोडीसीआर प्रणालीने नकाशा बांधकाम नियमांत बसतो की नाही, हे संगणकावर तपासण्याची पद्धत रूढ केली. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. हीच तपासणी घरगुती साधनात आली आणि सामासिक अंतर कमी पडताच रेषा लाल झाली, तर हेलपाटे वाचतील.

एक इशारा

पडद्यावरचे देखणे चित्र म्हणजे आरसीसी डिझाइन नव्हे. गच्चीवरील हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाहून जड असते. तो भार पेलणारे कॉलम व पाया यांचे गणित घरगुती सॉफ्टवेअर करीत नाही. आराखडा स्वतः काढावा, घरातील सर्वांना, विशेषतः स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना दाखवावा, हवा तितक्या वेळा बदलावा आणि मग तो अभियंत्यापुढे ठेवावा. पडद्यावर भिंत हलवण्यास काही लागत नाही. उभी राहिलेली भिंत हलवण्यास कष्टाची पुंजी मोडावी लागते.