जनरल चोई हाँग ही
'ताय' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वान' म्हणजे मुठीचा आणि 'दो' म्हणजे मार्ग. कोरियन युद्धकलेला १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव मिळाले, ते जनरल चोई हाँग ही यांच्या पुढाकाराने. आजच्या उत्तर कोरियात १९१८ साली जन्मलेले चोई जपानमध्ये कराटे शिकले. पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात त्यांनी ही कला रुजवली आणि १९६६ मध्ये सोल येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांच्याशी बिनसल्याने १९७२ मध्ये त्यांनी कॅनडा गाठले. १९८० मध्ये ते संघासह उत्तर कोरियात गेले आणि दक्षिणेचा रोष अधिकच ओढवला. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदोला पदके मिळू लागली, ती मात्र प्रतिस्पर्धी महासंघाच्या नियमांनी. १५ जून २००२ रोजी प्याँगयांगमध्ये त्यांचे निधन झाले.