दूरध्वनीच्या मापाचा आवाज

संत एकनाथांचे पैठण ज्या जिल्ह्यात आहे, त्या औरंगाबादेस छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ साली मिळाले. नाथांची भारुडे आपणांस लाभली. त्यांचा कंठ कसा होता हे मात्र कोणासही कळावयाचे नाही. आजच्या भारुडकाराचे तसे नाही. त्याचे गाणे कणभरही न गमावता मुद्रित करून ठेवता येते. परंतु घंटीऐवजी तेच गाणे पलीकडच्यास दूरध्वनीवर ऐकू यावे अशी हौस कोणी केली, की त्यास फार अरुंद साच्यातून जावे लागते.

हा साचा एका दिवसात घडलेला नाही. मुंबईस दूरध्वनीचे केंद्र १८८२ साली उघडले. तारेवरील जागा महाग. तेव्हा बोलणे समजण्यापुरता आवाज किती लागतो, याचा हिशेब अभियंत्यांनी पुढे केला आणि सेकंदास ३०० ते ३,४०० कंपने एवढा पट्टा मुक्रर केला. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा याच्याही खाली असतो; तो तारेवर येतच नाही, पण वरच्या स्वरांवरून आपला कान तो भरून काढतो. ‘स’चा सुस्कारा मात्र बराचसा ३,४०० च्या वर राहतो, आणि तो भरून काढणे कानासही साधत नाही. अनोळखी आडनाव दूरध्वनीवर दोनदा विचारावे लागते ते यामुळेच!

पुढे आवाजाचे आकडे झाले. तबकडीवरील संगीतास सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. १९७२ च्या दूरध्वनी-प्रमाणास ६४,००० पुरतात. आणि युरोपात १९९१ साली सुरू झालेल्या जीएसएम भ्रमणध्वनीने तर १३,००० वरच भागविले. ही काटकसर शक्य झाली ती कानपूर येथे जन्मलेले बिष्णू अटल यांच्यासारख्यांच्या बुद्धीमुळे. मॅन्फ्रेड श्रोडर यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६७ च्या सुमारास असे मांडले की, मागील आकड्यांवरून पुढचा आकडा ताडावा आणि अंदाज जेवढा चुकेल तेवढेच पाठवावे.

मौज अशी की, काहीही न गमावणारी ‘फ्लॅक’ ही २००१ ची पद्धतीही याच अंदाजाच्या विद्येवर उभी आहे. पण ती चूक पैन् पै लिहून ठेवते. जीएसएम चुकीच्या दर चाळीस आकड्यांतून तेराच उचलते, तेही ओबडधोबड करून.

आता भारुड या साच्यात घाला. दोन बाजूंचा ध्वनी एक करावयाचा, सेकंदास आठ हजारच नमुने ठेवावयाचे. आणि त्यापूर्वी चार हजारांवरील कंपने गाळून टाकावयाची. ही गाळणी विसरली, तर चिपळ्यांचे उंच नाद खालच्या पट्टीत खोटे रूप घेऊन उतरतात. शिवाय हा साचा एका माणसाच्या बोलण्यासाठी घडविलेला. मृदंग, चिपळ्या आणि झिलकरी एकदम आले की तो गोंधळतो, आणि ऐकणाऱ्यास गाण्याऐवजी गुरगुर ऐकू येते. दोष साच्याचा नव्हे. त्याने संगीताचे वचन कधी दिलेच नव्हते.

खरी हानी होते ती जागा वाचविण्यासाठी मूळ मुद्रण पुसून दूरध्वनीची प्रत तेवढी ठेवली जाते तेव्हा. २०१६ नंतर आपल्याकडे नव्या जाळ्यांवर ५० ते ७,००० कंपनांचा रुंद पट्टा सर्रास वापरात आला. ज्यांच्यापाशी मूळ मुद्रण होते, त्यांस त्यातून नवी प्रत काढता आली. ज्यांच्यापाशी १३,००० बिटांचीच प्रत उरली होती, त्यांच्या चिपळ्या त्या रुंद पट्ट्यावरही मुक्याच राहिल्या.