परळची तपकिरी बरणी

माझी थोरली काकू १९३४ साली लालबागच्या चाळीत बाळंतपणात गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आजी सांगे, "सातव्या महिन्यापासून पोर कागदासारखी पांढरी पडली. जिना चढवेना तिला." दृष्ट लागली, हा शेजारणींचा निवाडा. त्या चाळीपासून परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट पायी अर्ध्या तासावर. तिथे याच पांढरेपणावर उतारा सापडून तेव्हा तीन वर्षे झाली होती, हे कळायला मला स्वतःचे केस पांढरे व्हावे लागले.

१९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवतींना जडणारा तीव्र रक्तक्षय हा तिचा विषय. या बायकांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या असत. आधी संशय जंतूंवर गेला; तो फोल ठरला. मग बाईंनी साधा प्रश्न विचारला, या बायका खातात काय? गरीब मुसलमान स्त्रियांत आजार अधिक आढळला, आणि त्यांच्या ताटात भाजीपाला, फळे नावापुरती. सर्वांचे वाढून झाल्यावर घरच्या बाईच्या पानात काय उरते, हे आपल्याकडे तरी कोण पाहतो?

१९२६ साली बोस्टनला मायनॉट आणि मर्फी यांनी यकृत खायला घालून असाध्य समजला जाणारा एक रक्तक्षय बरा करून दाखविला होता. मुंबईच्या बायकांनाही यकृताचा गुण येई, पण ते महाग. विल्सबाईंनी माकडांवर प्रयोग केले आणि स्वस्त वस्तू हेरली: मार्माईट. बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा तो तपकिरी, खारट लगदा. दिसायला गुळाच्या काकवीसारखा. चवीचे मात्र विचारू नका! तो चाटवल्यावर रोगिणींच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले.

बरणीतले नेमके कोणते द्रव्य काम करते, हे बाईंनाही ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि लॅटिनमधील पानाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. ते प्रयोगशाळेत बनविण्यात आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूचा मोठा वाटा. पुढे १९९१ साली ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पाहणीत दिसले की, गर्भ राहण्याआधीपासून हे द्रव्य घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो.

काकूला हाच आजार होता का, कोण सांगणार? तिचे रक्त कुणी तपासलेच नव्हते.

गेल्या वर्षी पुतणीच्या मुलीला दिवस गेले. तपासणीत हिमोग्लोबिन ११च्या खाली भरले. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या तांबड्या गोळ्या सुरू झाल्या. "आजोबा, मळमळतं हो," म्हणून ती चुकवू लागली. एका संध्याकाळी मी तिला काकूची हकीगत सांगितली. ती काही बोलली नाही. सकाळी पाहिले, पाकिटातली एक गोळी कमी झाली होती.