हजर आणि महजर

शाळेत सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द बहुधा 'हजर' हाच असावा. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ज्या धातूपासून तो झाला त्याचा अर्थ समोर असणे, उपस्थित असणे. 'हुजूर' हा त्याचाच सख्खा भाऊ. ज्याच्या समोर आपण उभे राहतो तो हुजूर, आणि त्याची स्वतःची पागा ती हुजूरपागा. पुण्यात त्या नावाने मुलींची शाळा उभी राहिली, म्हणून निदान तिथे तरी तो शब्द अजून रोज कानावर पडतो. याच घराण्यातला तिसरा शब्द मात्र शाळेतून पार हद्दपार झाला आहे. तो म्हणजे 'महजर'. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वर्गात परत आणावा, असे मला फार वाटते.

पाटिलकीचा किंवा दुसऱ्या एखाद्या वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. वादी आणि प्रतिवादी आपापले करीने, म्हणजे हकीगती, मांडत. साक्षी होत, निवाडा होई आणि तो कागदावर उतरे. हा कागद म्हणजे महजर. 'हाजीर मजालसी' असे म्हणून सभेला कोण कोण बसले होते त्यांची नावे त्यात दिलेली असत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण करी. पाटलाचा नांगर तर ठरलेलाच, आणि बलुतेदारांची त्यांची त्यांची हत्यारे. असा एखादा कागद, निदान त्याचे छायाचित्र, सातवीच्या मुलांपुढे ठेवून पाहावे. ज्यांच्या हातात कधी बोरू आला नाही अशी माणसे इतिहासात कशी हजर राहिली, हे त्या नांगराकडे पाहून जितके कळते तितके पानभर मजकुराने कळत नाही.

आणि जुन्या कागदाला विचारायचा पहिला प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे. हे सांगणारा त्या वेळी तिथे हजर होता का? संस्कृतातला 'साक्षी' हेच विचारतो. पाणिनीने त्याचा अर्थ साक्षात पाहणारा असाच लावला आहे.

बालभारतीच्या सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही इयत्तांच्या पुस्तकांत 'इतिहासाची साधने' हा पाठ आहे. भौतिक, लिखित, मौखिक असे त्यांचे प्रकार मुले पाठ करतात, परीक्षेत उदाहरणांसह लिहितात आणि एकही साधन हाताळल्याशिवाय पुढच्या वर्गात जातात. साधन म्हणजे ज्याने काही साधायचे ते. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा हा शब्द त्यांनी याच अर्थाने योजला होता. इतिहास अजून लिहायचा आहे, त्यासाठी लागणारी सामग्री ही घ्या, असे त्या नावात आहे. पुढे त्याचे बावीस खंड झाले. या खंडांतली पत्रे बाळबोधीत छापलेली आहेत, त्यामुळे मोडी येत नाही ही शिक्षकाची अडचण निदान इथे तरी आड येत नाही. दहा-बारा ओळींचे एक पत्र निवडावे आणि ते सोपे करून देण्याचा मोह टाळावा. अडणारे शब्द फळ्यावर लिहून द्यावेत, पण पत्राची भाषा त्याचीच राहू द्यावी.

आता 'अस्सल'. अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ, झाडाचे असते ते मूळ. आपण आज हा शब्द तुपाला आणि मसाल्याला लावतो, पण दफ्तरात अस्सल म्हणजे पहिल्यांदा लिहिला गेला तो कागद. त्यावरून उतरवली ती नक्कल. 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. नेताना काही सांडू शकते, काही मिसळू शकते, म्हणून नक्कल कोणी केली, कधी केली, कशासाठी केली हे पाहावे लागते. तलाठ्याकडे सातबाऱ्याची नक्कल मागणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

बखरीचेही तसेच. 'खबर' या शब्दातली अक्षरे उलटून 'बखर' झाली असे एक मत आहे. शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत हा सभासद होता, म्हणजे सभेत बसणारा, त्या काळाचा माणूस. पण पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या बखरींतली खबर कितव्या तोंडून आलेली? शिवजन्माचे वर्ष बरीच वर्षे १६२७ मानले जाई, ते अशा उत्तरकालीन बखरींच्या आधाराने. मग टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे शकांची ओळ, वर्षावर्षाच्या त्रोटक नोंदी. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वर्गात हे उत्तर म्हणून सांगून टाकू नये. दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि कोणती का धरायची यावर मुलांना भांडू द्यावे. एक तास त्यातच गेला तरी तो सत्कारणी लागला असे मी समजेन.

मात्र अस्सल म्हणजे खरेच, अशी मुलांची समजूत होऊ देता कामा नये. याचे उत्तम उदाहरण शाळेच्याच कपाटात असते. जुने जनरल रजिस्टर काढावे. तोच कागद, तीच शाई, मुख्याध्यापकाची सही, अस्सलपणात काही उणे नाही. आणि जन्मतारखांचा रकाना पाहावा तर १ जून, १ जून, पुन्हा १ जून. आईबापांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, मास्तर वयाचा अंदाज घेऊन ती तारीख टाकत. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे. 'त्या साली मोठा पूर आला होता', 'दुष्काळात झाले मी', अशी उत्तरे येतील, आणि मग लिखित साधन व मौखिक साधन आमनेसामने उभे राहतील. रजिस्टर जन्माच्या वेळी हजर नव्हते. प्रवेशाच्या दिवशी मात्र ते नक्की हजर होते, त्यामुळे पोर कोणत्या वर्षी शाळेत आले, बापाचा धंदा काय लिहिला, शाळा सोडण्याचे कारण काय दिले, याबाबत त्याची साक्ष बरीच वजनदार. त्यातही कारणाचा रकाना सावकाश वाचावा. कितव्या इयत्तेनंतर मुलींची नावे कमी होत जातात, ते तिथे दिसते.